दोन तासांचा बाक

पोट आत ओढून धरलेल्या पुरुषाला बोलता येत नाही. या एका शोधावर माझी अर्धी नोकरी झाली आहे.

मी बंगळुरूत, मल्लेश्वरममधल्या एका आरोग्य-संशोधन प्रकल्पात काम करते. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की ते ओळखपत्रावर दोन ओळींत मोडावं लागलं. इथे येणारी मंडळी मला ‘टेप अक्का’ म्हणतात, आणि तेच खरं आहे. माणसांच्या कमरेचा घेर मोजायचा हे माझं पहिलं काम. टेप कुठे लावायची याचा नियम आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, तेही श्वास सहज सोडल्यावर. हा नियम लिहिणाऱ्याने बहुधा फक्त बायकांची मापं घेतली असावीत. पुरुषाला टेप दिसली की तो सैनिक होतो. छाती पुढे, पोट थेट पाठीला. “श्वास सोडा” म्हटलं की “सोडलाय” असं तो नुसत्या मानेने सांगतो. मग मी अगदी सहज विचारते, “मुलीचं लग्न जमलं का हो?” उत्तर द्यायला तो तोंड उघडतो, पोट आपल्या मूळ गावी परत येतं आणि मी आकडा वाचते. या युक्तीमुळे अर्ध्या मल्लेश्वरममधली लग्नं कुठवर आली आहेत हे मला ठाऊक असतं.

प्रकल्पाचं काम सांगायला सोपं, करायला चिवट. ज्यांच्या रक्तातली साखर आजार म्हणावी इतकी वाढलेली नाही, पण पूर्वीसारखीही राहिलेली नाही, अशा माणसांना आम्ही गोळा केलं. त्यांना दर वर्षी बोलावतो आणि तपासतो. कोण पुढे जाऊन मधुमेही होतं, कोण आहे तिथेच थांबतं, कोण चक्क माघारी फिरतं, आणि हे सगळं कशामुळे, एवढंच शोधायचं. साखर एकटी येत नाही. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी आणि कमी पडणारं चांगलं कोलेस्टेरॉल अशी ही पाच जणांची टोळी आहे. त्यांतले तिघं घरात शिरले की डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मी नव्या माणसाला असं समजावते: एकटा पाहुणा आला तर चहा पिऊन जातो, तिघं मिळून आले की मुक्काम ठोकतात.

लोक मात्र स्वतःला ‘बॉर्डरलाइन’ म्हणवून घेतात, तेही जरा ऐटीत. मी निपाणीकडची. बॉर्डरवर राहणं म्हणजे काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

आता बाकाबद्दल. आमची मुख्य तपासणी अशी: रात्रभर उपाशी राहून सकाळी यायचं, रक्त द्यायचं, पेलाभर ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास बसून राहायचं. दोन तासांनी पुन्हा रक्त. शरीर ती साखर कशी पचवतं ते त्यातून कळतं. या दोन तासांत खायचं नाही, विडी ओढायची नाही, फिरायला जायचं नाही. चाललात तर स्नायू साखर वापरून टाकतात आणि आकडा फसवा येतो. आणि कॉफी तर नाहीच नाही. हे ऐकून बंगळुरूचा माणूस असा बघतो, जणू मी त्याचं घरच लिहून मागितलं. कॉफी खाण्यात मोडतच नाही, अशी इथली पक्की समजूत आहे.

“उपाशी आहात ना?”

“पूर्ण उपाशी अक्का. फक्त कॉफी घेतली.”

“साखर घालून?”

“स्वल्प.”

झालं. त्या माणसाला घरी पाठवायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवायचं.

दोन तास माणसाला बाकावर बसवून ठेवायचं कसं, याचं उत्तर कुठल्याच नियमावलीत नव्हतं. ते मी शोधलं. मला तरुणपणी नाटकात जायचं होतं. ते राहिलं. पण प्रेक्षक मिळाले ते असे: उपाशी, सुई टोचलेले आणि उठून जायची परवानगी नसलेले. कुठल्या नटीचं एवढं भाग्य असेल? मी दर मंगळवारी दोन तास गोष्टी सांगू लागले.

त्यांतली सर्वांत जुनी गोष्ट माझ्या मामांची. मामा मुलगी बघायला निघतात, चुकून भलत्याच घरी शिरतात, पोहे खातात, मुलगी पसंत करतात, आणि खरे यजमान तिकडे वाट बघत बसतात. गोष्ट खरी आहे. दर वर्षी मी ती थोडी अधिक खरी करते.

बाकावर माणसं बदलत, पण दर वर्षी एकाच मंगळवारी येणारी तिघं कायमची. लक्ष्मीदेवम्मा मल्लेश्वरमच्या बाजारात फुलं विकतात आणि देवालासुद्धा ‘स्वल्प सरका’ म्हणतील अशा आहेत. अनिकेत हा पुण्याहून आलेला, कन्नड शिकलेला पण एरवी इंग्रजीतच बोलणारा, कोरमंगलात राहणारा कंप्युटरवाला. या तिघांत तोच तरुण, पण जेवण रोज फोनवरून मागवून त्याने फार लवकर आमच्या बाकावर जागा मिळवली. “मॅम, लॅपटॉप उघडू का? माझा कॉल आहे,” असं म्हणून तो बसायचा आणि अर्ध्या तासाने लॅपटॉप मिटून गोष्ट ऐकायचा.

तिसरे अंकलगी अण्णा. निपाणीजवळच्याच एका गावचे. यशवंतपूरच्या कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले. पत्नी वारल्या होत्या. मुलगा-सून चांगले, सून म्हैसूरकडची, त्यामुळे घरात सगळा कारभार कन्नडमध्ये. मराठी बोलायला अण्णांकडे देव्हाऱ्यातले देव आणि मी, एवढेच उरलो होतो. मी गोष्ट सांगायची कन्नडमध्ये, सगळ्यांना कळावी म्हणून, पण अण्णा मला टोकायचे ते मराठीत. जन्मभर केसाएवढ्या मापाने लोखंड तासलेला माणूस! माझ्या गोष्टीतला फरक त्यांना खपत नसे.

“काय सांगालाय ओ! मागच्या साली तुमचे मामा सायकलीवर गेलते. औंदा मोटरसायकल कुठली आली?”

“उसनी आणली, अण्णा.”

“मग तसं सांगा की!”

बाक हसायचा. खरं सांगते, तो टोला यावा म्हणूनच मी मुद्दाम चूक करायची.

बाकाचे काही स्वतःचे रिवाज होते. मागच्या वर्षीची तपासणी पार करून जो पुन्हा बाकावर यायचा, त्याला लक्ष्मीदेवम्मा मोगऱ्याचा गजरा द्यायच्या. पुरुष तो मनगटाला गुंडाळत. ज्याची साखर मधुमेहाची रेषा ओलांडायची, त्याला आम्ही उपचाराला लावत असू. त्याला ग्लुकोजचं पाणी पाजण्यात मग काही अर्थ नसतो, म्हणून त्याची भेट वेगळ्या वारी, वेगळ्या खोलीत. म्हणजे बाकावरून तो माणूस नाहीसा व्हायचा. एकदा लक्ष्मीदेवम्मा सुस्कारा टाकून म्हणाल्या, “जयण्णा गेले.” मी दचकले. आदल्याच संध्याकाळी मी त्यांना भाजी बाजारात वांग्यांवरून भांडताना पाहिलं होतं. “गेले? कुठे?” तर त्या म्हणाल्या, “पलीकडे.”

मला हसू आलं. तेव्हा त्यात हसण्यासारखंच काही तरी आहे असं वाटलं होतं.

पुढची गोष्ट गेल्या थंडीतली. बंगळुरूची थंडी म्हणजे काही हिमालय नव्हे, पण सकाळी सगळे कानटोप्या घालून आले होते. पहिला नंबर अंकलगी अण्णांचा होता. लक्ष्मीदेवम्मांना बाजारात लवकर पोचायचं होतं, म्हणून अण्णांनी आपला नंबर त्यांना दिला आणि ते कोपऱ्यात जाऊन बसले. आमच्या नर्स मेरी सिस्टरने लक्ष्मीदेवम्मांचं आणि अनिकेतचं रक्त घेतलं, त्यांना ग्लुकोजचे पेले दिले. अण्णांची पाळी यायची होती. मी गोष्ट सुरू केली.

“तर मामा निघाले, मोटरसायकलवर.”

मी थांबले. अण्णांच्या टोल्यासाठी जागा सोडली. टोला आला नाही.

“ती वाटेत बंद पडली. मग मामांनी घोडा केला.”

अनिकेत हसला. लक्ष्मीदेवम्मा म्हणाल्या, “अय्यो, या अक्काच्या मामाचं काही खरं नाही.” अण्णा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मला राग आला. नटीला प्रेक्षक झोपला तर येतो तसला. मी म्हटलं, आज बघतेच.

“घोडा दमला. शेवटी मामा हत्तीवर बसले, आणि तो हत्ती निपाणीच्या बसस्टँडवर येऊन उभा राहिला!”

अण्णांची नजर कॅलेंडरवरच.

“अण्णा,” मी मराठीत म्हणाले, “हत्ती! हत्ती चालतो का तुम्हाला?”

“चालतो की,” ते म्हणाले.

अंकलगी अण्णांना हत्ती चालतो म्हणजे काही तरी भयंकर बिघडलं होतं. मी जवळ गेले. त्या थंडीत त्यांची कॉलर घामाने ओली झाली होती. स्वेटरचं बटण लावायला गेलेली बोटं थरथरत होती आणि बटण काही सापडत नव्हतं.

“सिस्टर!”

मेरी सिस्टरने बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त यंत्रात घातलं. साखर किती वाढली ते बघायला आम्ही इथे बसतो. पण यंत्रातला आकडा इतका खाली होता की सिस्टरने तो दोनदा वाचला. साखर फार खाली गेली की माणूस घामाघूम होतो, गोंधळतो, आणि वेळीच गोड पोटात गेलं नाही तर बेशुद्ध पडतो. त्यापुढचं मी लिहीत नाही.

टेबलावर तपासणीचे ग्लुकोजचे पेले ओळीने भरून ठेवलेले होते. इतकी वर्षं ते पाणी मी माणसांना परीक्षा म्हणून पाजलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा औषध म्हणून पाजलं. सिस्टरने मान धरली, मी पेला ओठांना लावला. “प्या अण्णा. अजून एक घोट. गिळा.” लक्ष्मीदेवम्मा मोठमोठ्याने देवाचं नाव घेऊ लागल्या. अनिकेत उठायला लागला, तर मी त्याच्यावर ओरडले, “तू बस! तुझे दोन तास चालू आहेत!” संशोधन अंगात मुरतं ते असं.

थोड्या वेळाने अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “हत्ती?” ते म्हणाले. “निपाणीच्या स्टँडवर हत्ती मावतोय व्हय ओ?”

मला रडू आलं. मी ते हसण्यात घातलं.

तोवर आमच्या मोठ्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्यांनी अण्णांची नाडी धरली आणि शांतपणे विचारलं, “कुठली गोळी घेतलीत?”

“गोळी? न्हाई, गोळी कुठली?”

“अण्णा, मी रागावत नाही. कुठली ते कळलं म्हणजे तुमच्यावर किती वेळ लक्ष ठेवायचं ते मला कळेल.”

अण्णांनी स्वेटरच्या खिशातून गोळ्यांची कापलेली पट्टी काढली. शेजारच्या शेट्टींची होती. शेट्टी मधुमेही. अण्णांनी घरी साखर मोजायचं यंत्र गुपचूप आणलं होतं आणि काही महिन्यांपासून आकडा चढताना पाहिला होता. सून आणि मुलाला पत्ता नाही. आठवडाभर जेमतेम जेवून, त्या सकाळी उपाशीपोटी त्यांनी शेट्टींच्या गोळ्या घेतल्या होत्या.

“एकीनं काय व्हायचंय म्हणून दोन घेटल्या,” ते म्हणाले.

“पण कशाला?” मॅडमनी विचारलं.

“नापास न्हवतं व्हायचं.”

लक्ष्मीदेवम्मांना हे असह्य झालं. “शिकलेला माणूस तुम्ही! साखरेला फसवायला निघालात? मी गिऱ्हाइकाला कालची फुलं आजची म्हणून देते, पण देवाच्या हारात कधी घालत नाही!”

अण्णा फक्त मला ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, “पलीकडं गेलो की मंगळवार बंद की ओ.”

मी इतकी वर्षं दोन तास बोलत होते. त्या बाकावर काय चाललंय ते मी ऐकलंच नव्हतं. ओलांडलं म्हणजे संपलं, असं आम्ही कुणीच म्हटलं नव्हतं. संमतीपत्रात उलटंच छापलं होतं, तीन भाषांत. सगळ्यांनी त्यावर न वाचताच आनंदाने सह्या केल्या होत्या. पण माणसं राहतात ती बाकाच्या कायद्याने, छापलेल्या कायद्याने नव्हे.

ती गोळी दिवसभर आपलं काम करत राहते. साखर एकदा वर आली म्हणून माणसाला सोडायचं नसतं. अण्णांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. इडल्या मागवल्या, सिस्टर पुन्हा पुन्हा बोटाला टोचत राहिली, मुलगा धावत आला. त्याला अण्णांनी सांगितलं, “काही न्हाई रे, अक्काच्या गोष्टीनं चक्कर आली.”

दुपारी मॅडम त्यांच्याजवळ येऊन बसल्या. “अण्णा, तुम्ही कारखान्यात होतात. तापमानाचा काटा बोटाने खाली धरून ठेवला तर यंत्र थंड राहतं का?”

“जळतं,” अण्णा म्हणाले.

“मग? आणि सगळे अलीकडेच राहिले तर आम्ही लिहायचं काय? कोण ओलांडतं, कधी, कशामुळे, आणि पुढे कसं राहतं, हेच तर आम्ही शोधतोय. ओलांडणारा माणूस आमच्याकडून जात नाही. तो जास्त वेळा येतो.”

“हे आधी सांगायचं की!” अण्णा उसळून म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी इडलीकडे पाहिलं.

काही आठवड्यांनी, गोळ्यांचा काहीही अंश उरलेला नसताना, अण्णांची तपासणी पुन्हा ठरली. खरा आकडा कळल्याशिवाय उपचार नीट ठरत नाहीत. तो मंगळवार नव्हता. खोलीत ते, मी आणि सिस्टर. त्यांनी पेला संपवला, तोंड वाकडं केलं आणि मी घसा खाकरला. “तर मामा निघाले...”

“आज ऱ्हाऊ द्या मामा,” अण्णा म्हणाले. “आज मी सांगतो.”

आणि त्यांनी पत्नीची गोष्ट सांगितली. सुमित्राबाईंना साखर होती. त्यांनी ती लपवली, कारण अण्णांना पुरणपोळी प्रिय. घरात एकाला पथ्य लागलं की सगळं स्वयंपाकघरच फिकं पडतं, असं त्यांना वाटायचं. पायाला जखम झाली तेव्हा चप्पल लागली म्हणाल्या. अण्णांनी नवी चप्पल आणून दिली. ती त्यांनी घातली, जखमेवर. जखम पुढे भरलीच नाही. “तिनं मला फसवलं,” अण्णा म्हणाले, “आणि मी शेट्टींच्या गोळ्या खाऊन यंत्राला फसवालालो. अक्कल एकाच घरची की ओ.”

मी एकदाही मध्ये बोलले नाही. माझ्या ओळखीच्या कुणालाही हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

दोन तास झाले तशी सिस्टर सुई घेऊन आली.

“थांबा जरा, मुद्द्यावर आलोय,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, वेळ म्हणजे वेळ.”

अण्णांनी हात पुढे केला आणि सुई जात असताना वाक्य पुरं केलं.

आकडा रेषेच्या पलीकडचा आला. अण्णांनी तो ऐकला, “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले आणि आपल्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे गेले. त्यानंतर मी मॅडमच्या मागे अशी काही लागले की त्यांनी कंटाळून ‘पलीकडच्यां’चाही दिवस मंगळवार केला. त्यांचे पाय, डोळे, रक्तदाब तपासायचे, आणि मग कॉफी पीत, बिनसाखरेची, आमच्यात येऊन बसायचं. ग्लुकोज प्यायलेले उपाशी लोक त्या कॉफीकडे ज्या नजरेने बघतात, तिचा अभ्यास अजून कुणी हाती घेतलेला नाही. जयण्णा परत आले आणि आल्या आल्या वांग्यांच्या भावावर बोलू लागले. लक्ष्मीदेवम्मा कुरकुरल्या, “आता गजरे दोन्हीकडे द्यायचे? मोगरा काय भाव आहे ठाऊक आहे का?” पण देतात.

या वर्षी आम्ही सगळ्यांना बोलावून आतापर्यंत काय दिसलं ते सांगितलं. मॅडमनी पडद्यावर एक आलेख दाखवला. आडवी रेघ म्हणजे मधुमेहाची रेषा, तिच्या वर-खाली विखुरलेले ठिपके म्हणजे माणसं. नावं नाहीत. कुठला ठिपका कुणाचा हे मलाही ठाऊक नसतं, नियमच तसा आहे. सभा संपल्यावर अण्णा माझा हात धरून पडद्यापाशी घेऊन गेले.

“ह्यातला मी कुठला?”

नियम मला पाठ आहे. पण मी मीच. रेषेच्या जरा वरच्या एका ठिपक्यावर मी ठामपणे बोट ठेवलं. “हा.”

अण्णांनी चष्मा पुसून लावला. शाळेच्या जुन्या फोटोत आपण सापडल्यावर माणूस बघतो तसे ते त्या ठिपक्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांचं बोट हळूच खाली सरकलं.

“आणि ह्यो? माझ्या खाली, रेघेला चिकटून बसलाय तो?”

“कुणास ठाऊक, अण्णा. नावं नसतात.”

“नाव कशाला पायजे? घाबरलाय त्यो, दिसतंय की,” अण्णा म्हणाले. “आला की आधी खिसे तपासा त्याचे.”